सुई टोचायची परवानगी

मी सुवर्णा, मूळची ठाण्याची. आमचं घर इस्त्रीवर चालायचं. आण्णा, म्हणजे माझे वडील, एका बिल्डिंगच्या जिन्याखाली कोळशाची इस्त्री फिरवायचे, आई घरोघरचे कपडे गोळा करायची, आणि आम्ही तिघी बहिणी घड्या घालायचो, अभ्यासही तिथंच, गठ्ठ्यावर वही ठेवून. मग आण्णांचा खांदा धरला. हात वरच जाईना. काय सांगू तुम्हाला, त्या एका खांद्यावर पाच माणसं जेवत होती. कुणीतरी सुया लावणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं, दोनेक महिन्यांनी हात खांद्याइतका वर यायला लागला. त्याच्यावर नाही आला, खोटं कशाला बोलू. पण इस्त्री पुन्हा फिरली आणि मी कॉलेजला गेले. आमच्यात कॉलेज केलेली पहिली मी, हे मी सगळ्यांना सांगते.

बीएस्सी झाले, लग्न झालं, नवऱ्याच्या, महेशच्या नोकरीमुळे मेलबर्नला आले, तिथल्या क्लेटन उपनगरात. तिथं मी चायनीज मेडिसिनला ॲडमिशन घेतली. आई फोनवर म्हणाली, चायनीज म्हणजे नूडल्स करायला शिकतेस का गं? म्हटलं, नाही गं, सुया आणि जडीबुटी, चार वर्षांची डिग्री. इथं ते कुणीही उठून करत नाही. नाव सरकारी रजिस्टरमध्ये लागतं, नाहीतर स्वतःला ॲक्युपंक्चरिस्ट म्हणवून घ्यायचीही सोय नाही.

आणि शेवटच्याच वर्षी कोविड आला. महेश त्याच्या आईच्या आजारपणासाठी पुण्याला गेला तो तिकडेच अडकला. युनिव्हर्सिटीचं क्लिनिक, जिथं आम्ही पेशंटवर शिकायचो, ते बंद. लेक्चर स्क्रीनवर, निदानासाठी बघायचे ते पेशंटच्या जिभेचे फोटोही स्क्रीनवर, पण सुई स्क्रीनवरून कशी टोचणार? आमच्या लिन मॅडम म्हणायच्या, संत्र्यात टोच, आणि रोज स्वतःची नाडी बघून लिहून ठेव. मी ठेवायचे. कितीतरी महिने माणसाचं मनगट म्हणून मी धरलं ते फक्त माझंच.

शेजारच्या घरात नाशिकच्या काकू होत्या, मुलाकडे आलेल्या आणि परतीचं विमान नाही म्हणून राहिलेल्या. मुलगा-सून दिवसभर खोलीत लॅपटॉपवर. आम्ही दोघी चार वाजता कुंपणाशी यायचो, त्या पलीकडे, मी अलीकडे, मास्क लावून. त्या खांबावर थालीपीठ ठेवून मागं सरकायच्या, मग मी उचलायची. दिवसभरात तेवढंच काय ते बोलणं, नाहीतर माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही.

एक दिवस काकूंची पाठ धरली. वाकत आल्या. म्हणाल्या, ये ना गं आत, दोन सुया लाव. म्हटलं, काकू, नाही लावता येत, मी अजून विद्यार्थी, मॅडम समोर असल्याशिवाय हात नाही लावायचा, आणि आता तर कुणाच्या घरीही जायचं नाही. अगं, कोण बघतंय? मुलाला नको सांगायला. म्हटलं, डॉक्टरांना फोन करू या, मी बोलते. त्या म्हणाल्या, माझी आजी न शिकता लोकांची धरलेली पाठ मोकळी करायची, कुणाला विचारत नव्हती. शिकलीस ना, आता शिंगं फुटली तुला.

कुणाला कळलं असतं तर रजिस्टरमध्ये लागायच्या आधीच माझं नाव कटलं असतं, आणि तिकडे ठाण्याला पुढं शिकणारी धाकटी बहीण माझ्याकडेच बघत होती. तरी खरं सांगते, त्या दिवशी किटमधल्या सुया काढून टेबलावर ठेवल्या होत्या मी, तासभर. मग आत टाकल्या. त्यांच्या मुलाला मेसेज केला, त्यानं फोनवर डॉक्टर गाठला, गोळ्या आल्या. पण चार वाजता काकू आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मी उभी राहायची, सवयीनं. मी काय चुकले हो? काही नाही चुकले, पण तसं वाटायचं. मग एक दिवस कळलं, भारतात जाणाऱ्या विमानात त्यांना जागा मिळाली, गेल्या. मला न सांगता.

पुढं क्लिनिक उघडलं, लिन मॅडम शेजारी उभ्या राहिल्या, मी प्रॅक्टिकलचे राहिलेले सगळे तास भरले. पहिल्या बाईंच्या मनगटावर बोटं ठेवली आणि किती वेळ काढलीच नाहीत. मॅडम म्हणाल्या, पुरे, आता सांग काय कळलं.

महेश परत आला आहे. माझं नाव रजिस्टरमध्ये आहे, कुणीही उघडून बघावं. मी ॲक्युपंक्चर आणि चिनी औषधांची नोंदणीकृत प्रॅक्टिशनर आहे.