आधीच्या अपघाताचं कारण

—नाही मॅडम, लगेच नाही. बटण काय, माकडसुद्धा दाबेल. दुरुस्तीहून आलेल्या पंपाची आधी अर्धा तास मनधरणी करावी लागते. तुम्ही बसा त्या स्टुलावर — तो नको, त्याचा पाय हलतो — हां, हा. मी सांगत जातो, तुम्ही फॉर्म भरा. बेअरिंगचं तेल — ही काच बघा, बरोबर अर्ध्यावर. पायाचे बोल्ट घट्ट. मोटर सुटी असताना क्षणभर फिरवून दिशा बघितली, बाण आहे तशीच फिरते. उलटी फिरली तरी पंप पाणी देतो बरं का, थोडंसं देतो — काही माणसं असतात ना, दिसायला कामात, हाताला काही लागत नाही, तसं. मग मोटर आणि पंप जोडणारं हे कपलिंग बसवलं, आता हातानं फिरवून बघतो — कुठं अडत नाही, घासत नाही. आणि इथं हात घालायच्या आधी पॅनलला कुलूप, कुणी बटण दाबू नये म्हणून. ते लाल दिसतंय ना, ते माझं. किल्ली खिशात. दुसरी किल्ली? नाही. पूर्वी असायची, फोरमनच्या ड्रॉवरमध्ये. आता नसते.

हा पाणी आत यायचा व्हॉल्व्ह, हा पूर्ण उघडला. आता वरची ही छोटी तोटी उघडायची — ऐका, फुसफुसतेय — आतली हवा निघतेय. हवा राहिली की पंप नुसताच फिरतो, पाणी उचलत नाही आणि कोरडा फिरून स्वतःलाच जाळून घेतो. सलग धार लागेपर्यंत थांबायचं. पाच-सात मिनिटं जातात. पुढचा रकाना घ्या तोवर. काय आहे? ‘या यंत्रावरील आधीचा अपघात व त्याचे कारण.’ हो, आहे की. सहा वर्षं झाली. जुन्या रिपोर्टवरून उतरवताय ना? — ‘फिटर कुलूप लावण्यास विसरला.’ बरोबर. तसंच आहे तिथं. ट्रेनिंगमध्येही दरवर्षी दाखवतात, पडद्यावर, निष्काळजीपणाचा नमुना म्हणून. मी पहिल्या रांगेत बसतो.

त्या फिटरला ओळखतो म्हणजे? सासरे माझे. नाही, नाही, वशिला कसला, त्यांचं चाललं असतं तर मला या आवारात झाडूसुद्धा धरू दिला नसता. पोरीला ऑफिसर बघून ठेवला होता त्यांनी, आणि तिनं पंपवाला केला. लग्नाला आले, अक्षता टाकल्या, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद. अकरा वर्षं! याच खोलीत, याच पंपावर — ते फिटर, मी ऑपरेटर. काम कसं चालायचं? चिठ्ठीवर. इथं खिळ्याला चिठ्ठी लावून जायचे. ‘पाणी गळते, ग्लँड आवळणे. फार आवळू नये. डोके वापरणे.’ डोके वापरणे हे प्रत्येक चिठ्ठीत, सही करावी तसं. मीही खाली लिहायचो, ‘आवळले.’ डोक्याबद्दल काही लिहीत नसे. बायको म्हणायची, अहो, तुम्ही तरी एकदा बाबा म्हणून हाक मारा, तुमच्या जिभेला काय हाड आहे? मी म्हणायचो, त्यांनी आधी मारावी. असं अकरा वर्षं.

त्या दिवशी? त्या दिवशी — आत्तासारखंच, दुरुस्ती झालेली, कपलिंग जोडायचं चाललेलं. बॉयलरकडून फोन, पाणी द्या, शेजारचा पंप तापलाय. मी आलो तर इथं कुणी नाही, खिळ्याला चिठ्ठी नाही, आणि पॅनलला—

—कुलूप होतं, मॅडम.

बत्तीस वर्षांत तो माणूस कुलूप लावायला कधी विसरला नाही. मला वाटलं, काम उरकून चहाला गेलेत आणि कुलूप मुद्दाम ठेवलंय, जावयाला तंगवायला. डोक्यात तिडीक गेली. ड्रॉवरमधली किल्ली आणली, उघडलं, दाबलं. पलीकडून वळसा घालून बघायला हवं होतं — आठ पावलं आहेत, मी नंतर मोजली. तेही सोडा, नुसती हाक मारायला हवी होती. ‘कुणी आहे का’ एवढंच. पण ते असलेच तर ती हाक त्यांनाच पोचली असती ना! तेवढ्यासाठी नाही मारली. ते खाली बसून बोल्ट आवळत होते. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

हॉस्पिटलात मी पायाशी उभा. चौकशीवाले साहेब नुकतेच बाहेर पडलेले. मी म्हटलं, बाबा, मी सांगतो त्यांना जाऊन. अकरा वर्षांनी माझ्याकडे बघून बोलले, आणि बोलले काय — ‘गप्प बस.’ म्हणाले, ‘कुलूप लावायला मी विसरलो, असं सांगितलंय. माझी नोकरी चार महिने उरलीय, तुझी एकोणीस वर्षं. माझ्या पोरीला काय घालशील, माफी शिजवून?’ मी गप्प बसलो. सासऱ्यांचा शब्द मोडू नये म्हणतात. इतर वेळी मोडलाच होता, हा एक पाळला. सोयीचा होता.

आता आमच्याकडेच असतात. सकाळी शर्टाची बटणं मी लावतो, वरच्यापासून खालपर्यंत, दोघंही भिंतीकडे बघत. तब्येत? ठणठणीत. डोकं तर घड्याळासारखं, तीस वर्षांपूर्वी कुठल्या पंपाला कुठलं बेअरिंग टाकलं ते नंबरासकट सांगतील. पण बायकोच्या मनात त्या रिपोर्टपासून बसलंय, बाबा विसरतात. ते चहा करून बाहेर आले की ही पाठोपाठ जाऊन गॅस बघते. घराची किल्ली देत नाही त्यांना. एकटं बाहेर सोडत नाही. परवा नळ वाहत राहिला — मीच ठेवला होता — तर त्यांनाच म्हणाली, ‘बाबा, असं कसं हो?’ मी तोंडात ब्रश घालून उभा. आणि ते म्हणाले, ‘विसरलो असेन, बाई.’

ही बघा, धार लागली. बुडबुडा नाही. तोटी बंद. आता कपलिंगवर जाळी — चारही बोल्ट, तीनवर भागवायचं नाही. पाणी बाहेर जायचा पुढचा व्हॉल्व्ह जरासाच उघडा ठेवायचा, पंप वेगात आला की मग सावकाश सोडायचा. पलीकडे जाऊन बघून आलो, कुणी नाही. आता कुलूप काढतो.

पेन का थांबलंय तुमचं? मी काय बोललो ते ऐकलंत ना, मग खोडा ते ‘विसरला’ आणि नीट लिहा. रकान्यात मावत नसेल तर मागच्या बाजूला लिहा. सही कुठं करायची? इथं? — झाली. साहेबांना तुम्ही द्या, नाहीतर मी देतो, तेरा वर्षं राहिलीत त्याचं काय व्हायचं ते होईल.

काय? बायकोला सांगितलंय का?

—मागे सरा, मॅडम. त्या पिवळ्या पट्ट्याच्या मागे. चालू करतोय.