गुढीमागचं आकाश

(ग्वाल्हेर, मार्च २००१. खासगी बाजार या पेठेतल्या फोटो स्टुडिओत दुपारची वेळ. कॉम्प्युटरसमोर निवृत्त चित्रकला शिक्षक गोपाळकृष्ण गुरुजी आणि सातवीतली शरयू.)

शरयू : गुरुजी, हे काय! बाबांच्या शर्टात ढग आले!

गुरुजी : येणारच. तू कॉम्प्युटरला काय सांगितलंस? जिथं पांढरं दिसेल तिथं आकाश घाल. बाबांचा शर्ट पांढरा. त्या बिचाऱ्यानं हुकूम पाळला.

शरयू : अब क्या? सगळं पुसून परत करू?

गुरुजी : पुसायचं काहीच नाही. ते खोडरबर राहू दे. शाळेत मी जन्मभर मुलांना हेच सांगितलं आणि मुलांनी जन्मभर कागदाला भोकं पाडली. इकडे बघ. खालच्या थरात कोण आहे?

शरयू : आम्ही. मी, आई, बाबा. गच्चीवर, मागच्या पाडव्याला.

गुरुजी : आणि वरच्या थरात?

शरयू : तुमचं आकाश. पडावच्या पुलावरून काढलेलं.

गुरुजी : त्या आकाशाला हा जोडलाय तो मास्क. मास्कवर पांढरा रंग लावला की तिथलं आकाश दिसतं. काळा लावला की ते लपतं आणि खालचा फोटो दिसतो. लपतं फक्त, जात कुठंच नाही. घे काळा ब्रश आणि फिरव शर्टावरून.

शरयू : गेले! ढग गेले! सच्ची, एकदम साफ!

गुरुजी : खांद्याशी ब्रश लहान कर. कानाशी आणखी लहान.

शरयू : बाबांचे कान मोठे आहेत. हाच चालेल.

गुरुजी : अगं हळू बोल, ऐकतील ते.

शरयू : रायपूरला?

गुरुजी : तूच म्हणालीस ना, कान मोठे आहेत. बरं, आता आईची सावली बघ. कुठं पडलीय?

शरयू : डावीकडे. म्हणजे ऊन उजवीकडून... पण तुमच्या आकाशात तर उजेड डावीकडे आहे!

गुरुजी : मग पलटव आकाश. थांब, आधी आकाश आणि मास्क यांना जोडणारी ती मधली साखळी सोड, नाहीतर मास्कही त्याच्याबरोबर फिरेल. हां. मूळ चूक माझीच. भर उन्हात फोटो काढला आणि आकाश पार पांढरंफटक करून ठेवलं. लक्ष सगळं तुझ्या आईच्या श्रीखंडाकडे.

शरयू : तीन वाट्या खाल्ल्या होत्या तुम्ही.

गुरुजी : दोन. तिसरी आग्रहाची. शाबास, उजेड जुळला. आता... शरयू, गुढी कुठं गेली?

शरयू : कुठली?

गुरुजी : कुठली काय! बाबांनी धरलेली. कठड्याच्या खाली काठीचा तुकडा आहे आणि वर नुसतं आकाश. हात वर करून ते काय धरतायत, वारा?

शरयू : आळस देतायत असं वाटेल.

गुरुजी : पाडव्याच्या दिवशी, जरीची टोपी घालून?

शरयू : मी झाकली. मुद्दाम. तुम्ही चहा सांगायला गेलात ना, तेव्हा पांढरा ब्रश फिरवला.

गुरुजी : बरं. का, ते सांगतेस? मी रागवत नाही.

शरयू : बाबांना पाडव्याला सुट्टी नाही मिळाली. फोनवर म्हणाले, गच्चीवरचा फोटो पाठव. आणि मग बोललेच नाहीत. किती वेळ नुसतं खरखर खरखर. मी हॅलो हॅलो केलं तर म्हणाले, सर्दी झालीय.

गुरुजी : हं.

शरयू : मला चांगलं नाही लागलं. नवं राज्य झालं, त्यात त्यांची काय चूक? ऑफिसची माणसं वाटली, बाबांचं नाव रायपूरच्या यादीत आलं. आता एका खोलीत राहतात, कुणा वर्माजींबरोबर. गुढी बघतील आणि परत सर्दी होईल. गुढी नसली तर नुसते आम्ही दिसू. आम्ही तर जूनमध्ये तिकडे राहायला जाणारच आहोत.

गुरुजी : तुझं म्हणणं मला कळलं. बाबांना जपतेयस तू. पण एक विचारू? तुमचे घरात फोटो किती?

शरयू : खूप. दोन अल्बम.

गुरुजी : मग त्यांनी हाच का मागितला?

शरयू : पता नाही.

गुरुजी : मलाही नाही. आणि जे आपल्याला माहीत नाही, ते झाकायची घाई मी करत नाही. फोटो तुझ्या बाबांचा आहे, ब्रश तुझ्या हातात आहे. तू ठरव.

शरयू : तुम्ही सांगा ना.

गुरुजी : मी सांगितलं तर तू माझं ऐकशील. मला तुझं ऐकायचंय.

वनमाला : (शरयूची आई, दारातून) झालं का गुरुजी? सुभेदार रायपूरला निघालेत, त्यांची गाडी संध्याकाळची आहे. त्यांच्या हाती फोटो दिला की पाडव्याच्या आधी पोचेल.

गुरुजी : ये वनमाला, बस. तुझी लेक तुझ्यापेक्षा बरी आहे हो. शाळेत तू सूर्य नेहमी डोंगराच्या पुढे काढायचीस.

वनमाला : अजून तेच का, गुरुजी! शरयू, आत्ता शेजारच्या लीलाताईंकडे बाबांचा फोन आला होता. विचारत होते, फोटोत गुढी नीट दिसतेय ना.

शरयू : गुढी? का?

वनमाला : उभारणार आहेत म्हणे, खोलीच्या खिडकीत. ऑफिसातल्या शिपायानं बांबू आणून दिला, वर्माजींनी तांब्या दिला. आणि आता बांधायची कशी ते ठाऊक नाही! पंधरा वर्षं नुसती काठी धरून उभे राहिले. बांधायची मी, मिरवायचे हे. कापड आधी की माळ आधी, कडुलिंब कुठं खोचायचा, काही म्हणता काही येत नाही. म्हणाले, फोटो समोर ठेवून बांधीन.

शरयू : मग त्या दिवशी का नाही सांगितलं?

वनमाला : सांगायला गेले आणि आवाजच फुटेना, म्हणाले. आज मात्र हसत होते. कुठाय फोटो, बघू... अगं बाई, गुढी कुठंय?

गुरुजी : आहे. आकाशाच्या खाली आहे. शरयू काढतेय बाहेर.

शरयू : काळा ना, गुरुजी?

गुरुजी : काळा. आणि सगळ्यांत लहान ब्रश.

शरयू : तांब्या आला... आई, बघ, कापड आलं. पण साखरेची माळ पांढरी आणि तिच्या मागचंही पांढरं. कुठं संपते तेच कळत नाही.

गुरुजी : मोठं करून बघ. एकेक पदक घे.

वनमाला : खालचं पदक फुलाचं होतं, मोठं. हां, तेच.

गुरुजी : पानांचं राहू दे थोडं, शरयू. कडुलिंबाची पानं कोण मोजतंय? सुभेदार वाट बघत असतील.

शरयू : पानं राहू देत. पण कापडाची गाठ पूर्ण दिसू दे, गुरुजी. तिथं त्यांना दाखवायला कोणी नाही.