दुसऱ्यांदा दाबलेलं बटण

मालक : पुसून टाक रे ती फाइल. बघत काय बसलास?

लेक : पुसायची नाही.

मालक : अगं, तू बाबांचा चष्मा न्यायला आलीस ना? हा घे. खुर्चीवरची उशीही घेऊन जा. छापखान्याचं आम्ही बघतो.

लेक : काय बघताय ते दारातूनच ऐकलं मी, काका. ‘आमचा टायपिस्ट गेला, चोर त्याच्याच मशीनवर सापडला.’ असंच म्हणालात ना फोनवर?

मालक : ऐकलंस तर ऐकलंस. परीक्षेचा पेपर इथे टाइप झाला आणि परीक्षेच्या आधीच बाहेर फुटला. परीक्षा मंडळाचे लोक माझ्या मानगुटीवर बसलेत. काल नवा अँटिव्हायरस टाकला, तर तुझ्या बाबांच्या कॉम्प्युटरवर हे निघालं. टाइप केलेलं चोरून टिपणारी फाइल! मी काय मनाचं सांगतोय? विचार याला.

कॉम्प्युटरवाला : ताई, लाल खूण आलीय एवढं खरं. बनवणारा कोण, पत्ता नाही. आणि ती कीबोर्डवर लक्ष ठेवते. कोणतं बटण दाबलं ते तिला कळतं.

लेक : कळतं. कळल्यावर काय करते?

कॉम्प्युटरवाला : ते अजून बघितलं नाही.

लेक : मग बघा. माझ्यासमोर.

मालक : मला दुपारपर्यंत त्यांना लेखी उत्तर द्यायचंय!

लेक : आणि उत्तरात घालायला गेलेला माणूस सोयीचा. उलट बोलत नाही. मी बोलते.

मालक : तोंड सांभाळ, पोरी. तुझ्या बाबांना मी भावासारखं वागवलं.

लेक : भावाला चोर म्हणायच्या आधी निदान त्याचे खिसे तरी चाचपतात.

कॉम्प्युटरवाला : मालक, पुसली तर पुरावाही जाईल. मी बघतो ना. आधी या साइटवर टाकतो, ढीगभर अँटिव्हायरस एकदम तपासतात... हं. दोघांनी संशय घेतलाय. बाकी गप्प.

मालक : घेतलाय ना दोघांनी?

कॉम्प्युटरवाला : अनोळखी दिसली की घेतात. गल्लीत नवा माणूस आला की कुत्री भुंकतात, तसं. पण बाकीचे गप्प म्हणजे ती चांगलीच, असंही म्हणता येत नाही, ताई. खोटं कशाला सांगू?

लेक : नकाच सांगू. पुढचं करा.

मालक : आणि खरंच चोर निघाली तर?

लेक : तर त्या लोकांना फोन मी करीन. बाबांचं पूर्ण नाव घेऊन सांगीन.

कॉम्प्युटरवाला : हा माझा जुना लॅपटॉप. आत काही नाही, नेट तोडलंय. मेला तरी कोण रडणार आहे... माफ करा, ताई.

लेक : चालू द्या.

कॉम्प्युटरवाला : चालवली. आता टाइप करतो काहीतरी. कुठे लिहून ठेवतेय का? नाही. बाहेर पाठवायला वाट शोधतेय? तेही नाही. अरे, हे काय? ‘क’ दोनदा दाबला, एकदाच उमटला.

मालक : तुझा कीबोर्डच भंगार आहे.

कॉम्प्युटरवाला : थांबा. फाइल बंद केली. दोनदा उमटला. चालू केली. एकदाच! मालक, तेच बटण लागोपाठ पटकन लागलं की दुसरं ही गिळून टाकते. जरा थांबून दाबलं तर येऊ देते. बस, एवढंच काम हिचं.

मालक : असलं कुणाला लागतं?

लेक : ज्याचं बोट एकदा टेकवताना दोनदा लागतं, त्याला.

मालक : काहीतरीच. शेवटच्या दिवसापर्यंत त्याच्या कामात एक अक्षर जास्तीचं नव्हतं.

लेक : नसणारच. ही गिळत होती.

कॉम्प्युटरवाला : त्यांनीच बनवली असेल? यायचं त्यांना?

मालक : फॉन्टची भानगड झाली की तोच सोडवायचा. बाहेरचा माणूस कधी बोलवावा लागला नाही.

कॉम्प्युटरवाला : फोल्डरमध्ये जुन्याही आहेत. एकीपेक्षा दुसरीत थांबायचा वेळ वाढवत नेलाय. सगळ्यात जुनी... ही तारीख बघा.

लेक : माझ्या लग्नाच्या आधीची. तेव्हा त्यांनी एकाएकी दाढी राखली. मी भांडले होते, फोटोत कसं दिसेल म्हणून. वस्तरा धरता येत नव्हता, हे आज कळतंय.

मालक : पण तो तर हृदयाने गेला ना गं?

लेक : हो. हाताचं कुणी विचारलंच नाही.

कॉम्प्युटरवाला : एक प्रश्न पडतो, ताई. बावीस कसं टाइप करायचे मग? दोनवर दोन आला की?

लेक : हात उचलायचा, थांबायचं, मग पुन्हा दाबायचं. काका, आकडे टाइप करताना तुम्ही त्यांना काय म्हणायचात?

मालक : मी? गमतीत म्हणायचो गं काहीतरी.

लेक : काय?

मालक : ‘मुहूर्त बघताय का?’

लेक : घरी येऊन सांगायचे ते. नक्कल करून. आम्ही सगळे हसायचो, तेसुद्धा.

मालक : मला सांगायचं ना त्याने. एका शब्दाने बोलला असता तर...

लेक : तर ठेवलं असतंत त्या खुर्चीवर?

मालक : अगं, माझं ऐक तरी...

लेक : माझ्याशी काही बोलू नका. फोन लावा त्यांना.

मालक : लावतो गं, संध्याकाळी निवांत...

लेक : चोर म्हणताना निवांतपणा लागला नव्हता. आत्ता लावा. मी इथेच उभी आहे.

(मालक फोन उचलतात. बटणं दाबल्याचा आवाज.)

मालक : हॅलो. हो, मीच. सकाळी मी आमच्या टायपिस्टचं नाव सांगितलं होतं. ते खोडा. खोडा म्हणतोय ना! तपासून बघितलं, त्याचा काही संबंध नाही... नाही, दुसरं नाव नाही माझ्याकडे. मग या इथे, सगळी मशीनं तपासा. माझंसुद्धा.

कॉम्प्युटरवाला : ताई, अँटिव्हायरस अजून विचारतोय. ठेवायची की काढायची?

लेक : ठेवा. आणि एक प्रत मला द्या.

कॉम्प्युटरवाला : तुमचा हात तर चांगला आहे. काय करणार हिचं?

लेक : घरी जाऊन बावीस टाइप करून बघीन.