उजवा कौल

टाळ जरा खाली ठेवा, मंडळी. पेटीवाले, तुम्हीही हात थांबवा. भजन गोडच चाललंय, पण आज देवाच्या पायाशी मला एक प्रश्न ठेवायचाय.

खोटं बोलणं पाप! हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण न बोलणं? तोंडातून एक अक्षर काढलं नाही, कुणावर आळ घेतला नाही, नुसते मूग गिळून बसलो, तर त्याचं पाप लागतं का?

ते मागे खांबाला टेकलेले काका मान हलवताहेत. 'नाही लागत' म्हणताहेत! काका, घाई नको. आधी ऐका, मग मान हलवा!

तर मंडळी, ऐका. कोकणात खाडीच्या तोंडाशी सावरबंदर नावाचं गाव. गाव लहान, पण माणसं किती तऱ्हेची! कोळीवाडा आहे, मुसलमानांचा मोहल्ला आहे, टेकडीखाली ख्रिस्ती वाडी आहे, आणि शनिवारी काम न करणाऱ्या बेने इस्रायली यहुद्यांची उरलीसुरली चार घरं आहेत. गावाने ठरवलं, सगळ्यांनी मिळून वारसा उत्सव करायचा! आपापल्या पूर्वजांची ठेव प्रत्येकाने आणायची आणि जुन्या जकात कोठीत मांडायची. उत्सवाच्या मुख्य कोण? रिबेकाबाई पेणकर! निम्म्या गावाला त्यांनी पाढे शिकवलेले. त्यांनी डोळे वटारले की साठीचे नाखवेसुद्धा हाताची घडी घालून उभे राहायचे!

कोळीवाड्याने काय आणलं? गावदेवी खाडीआईचा लाकडी मुखवटा. पिढ्यान्‌पिढ्या पालखीत मिरवलेला, मोठ्या डोळ्यांचा, शेंदराने माखलेला. तो घेऊन आला देवीचा पुजारी, शांताराम गुरव. हा आपल्या गोष्टीतला माणूस. वाईट होता का? छे! नेमाने पूजा करणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त देवीचा मान म्हणजे आपलाच मान, अशी त्याची समजूत. आहे ना अशी समजूत आपल्याकडेही? हार देवाला घालायचा, आणि फोटोत मान आपली पुढे!

आणि मोहल्ल्याने आणलं लाकडी गलबत. बशीर परकारच्या आज्याने कोरलेलं, डोलकाठीसकट. बशीर होड्या बांधणारा सुतार. शांतारामचा लहानपणापासूनचा सोबती. खेकडे धरताना दोघांची बोटं एकाच बिळात अडकलेली!

रिबेकाबाईंनी गलबत ठेवलं मधल्या टेबलावर. म्हणाल्या, "आपण सगळे या पाण्यावर जगलो. गलबत मध्ये शोभतं." आणि देवीचा मुखवटा? खिडकीशी, बाजूला.

शांताराम वरून काही बोलला नाही. पण आत? आत चुलीवर तेल तापायला लागलं!

कोठीच्या पहाऱ्याला वाड्यांनी पाळ्या लावल्या होत्या. त्या दुपारी पाळी बशीरची. माणसं जेवायला पांगलेली. मशिदीतून अजान झाली. बशीर म्हणाला, "शांत्या, आहेस ना इथे? जरा बघ रे, नमाज पढून आलोच."

"जा तू. मी आहे."

बशीर गेला. कोठीत कोण उरलं? शांताराम आणि त्याच्या आतलं ते तापलेलं तेल! मनात म्हणाला, कुणी बघत नाहीये. आईला मध्ये ठेवू, गलबत सरकवू खिडकीशी. संध्याकाळी एकदा लोकांनी पाहिलं की कोणाची छाती आहे देवीला मधून उठवायची!

उचलला मुखवटा. जड! नजर मधल्या टेबलावर, आणि पायाखाली रोषणाईची वायर. पाय अडकला — तोल गेला — आणि मंडळी, खाडीआई फरशीवर! कपाळापासून हनुवटीपर्यंत उभी चीर. दोन शकलं!

काय वाटलं असेल त्याला? ज्या मुखाला रोज न्हाऊ घातलं, ते दोन तुकडे होऊन खाली पडलंय. आणि आपल्यात रीत काय? मूर्ती भंगली की ती पुजायची नाही, पाण्यात सोडायची. म्हणजे आजा-पणजापासून चालत आलेलं ते रूप संपलं! कुणाच्या हातून? पुजाऱ्याच्या!

त्याने दोन्ही शकलं उचलली, पुन्हा खिडकीशी ठेवली, कडा जुळवल्या, वरून शेला पांघरला. आणि दाराशी येऊन बसला.

बशीर परतला. "काय रे, घामाघूम झालास?"

"उकडतंय," शांताराम म्हणाला, आणि चालू लागला.

अहो, इथपर्यंत झाली ती चूक! हात आहेत तोवर वस्तू पडणारच. तेव्हाच म्हणाला असता, 'बशीर, घात झाला रे!' तर गोष्ट इथेच संपली असती. मग मीही तुम्हाला लवकर सोडलं असतं! पण तो गप्प बसला. आता बघा, ते गप्प बसणं कसं वाढत जातं.

कोळीवाड्याचा पुढारी काशिनाथ नाखवा देवीला हार घालायला आला. शेला बाजूला केला, आणि अर्धं मुख त्याच्या हातावर कलंडलं!

"आई भंगली! कोणी भंगवली आई?"

ती आरोळी खाडीपलीकडे गेली असेल. जेवती माणसं हात न धुता धावली. कोठीपुढे ही गर्दी! काशिनाथने विचारलं, "पहारा कोणाचा होता?"

मंडळी, नीट ऐका. बशीर म्हणू शकत होता, मी नमाजाला गेलो होतो, शांताराम होता. त्याने गर्दीत पाहिलं. शांताराम उभा होता, मान खाली. त्या घामाचा अर्थ बशीरला एका क्षणात कळला. तरी तो एवढंच म्हणाला, "पहारा माझा होता."

का म्हणाला तसं? सोबती स्वतः पुढे येईल, याची त्याला खात्री होती हो! त्याने वाट पाहिली.

शांताराम मात्र पुढे आला नाही. त्याला वाटलं, जरा गर्दी निवळू दे, मग सांगू. निवळते का अशी गर्दी? काशिनाथने बशीरची कॉलर धरली, डोक्यावरची टोपी धुळीत पडली. मागून कुणी ओरडलं, "मुद्दाम केलंय यांनी!" बघा! एका माणसाचं 'यांनी' झालं! तिकडून मोहल्ल्याची पोरं आली. खाडीकाठी दगडांना काय तोटा? इकडच्या मुठी भरल्या, तिकडच्याही भरल्या. सकाळी ज्यांनी एकत्र पताका लावल्या, ते आता एकमेकांच्या डोक्यांवर नेम धरून उभे!

रिबेकाबाई मध्ये शिरल्या. "दगड खाली! काशिनाथ, तू पाहिलंस का त्याला करताना?"

"नाही पाहिलं, बाई. पण देवीने पाहिलंय! तिलाच विचारू. गुरवा, चल देवळात. कौल लाव!"

शहरातल्या मंडळींना सांगतो, कौल म्हणजे काय. देवीच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. तुमचा कौलावर विश्वास असो-नसो, त्या गावाचा होता. आणि कौल लावणार कोण? गुरव! ज्याने केलं, त्यानेच विचारायचं की कोणी केलं! काय वेळ आणली बघा देवीने!

देऊळ समोरच. अंगण माणसांनी भरलं. बशीर पायरीखाली उभा, दोघांनी दंड धरलेले. शांताराम गाभाऱ्यात गेला. पाकळ्या बोटांतून निसटत होत्या. मागून काशिनाथ म्हणाला, "नाव घेऊन विचार! बशीरने केलं का, विचार!"

ते नाव मात्र शांतारामच्या तोंडून निघेना. त्याने पळवाट काढली. पळवाटा काढण्यात माणसाइतका हुशार प्राणी नाही! मोठ्याने म्हणाला, "आई खाडीआई! ज्याच्या हातून तुझं रूप भंगलं, तो आत्ता तुझ्या पुढ्यात उभा असेल, तर उजवी दे!" आणि मनात? मनात विनवत होता, डावी दे गं आई! डावी पडली तर करणारा बाहेरचा ठरेल. बशीरही सुटेल, मीही सुटेन.

सगळं अंगण श्वास रोखून उभं. समईची वात तेवढी हलतेय. पाकळ्या हलेनात.

उजवी पडली!

"दिला! आईने कौल दिला!" काशिनाथ गरजला. सगळं अंगण बशीरकडे वळलं. पहिला दगड सुटला, पायरीवर आपटला. दुसरा बशीरच्या कपाळावर. रक्त आलं. तरी त्याने गाभाऱ्याकडेच पाहिलं.

आणि शांताराम धावला! पडलेली पाकळी हातात घेऊन तसाच पायऱ्या उतरला, बशीरच्या पुढे आडवा झाला.

"कौल खरा आहे! आई खरं बोलली! पण तुम्ही भलत्याकडे बघताय! आईच्या पुढ्यात सगळ्यात जवळ कोण उभं होतं? मी! मी भंगवली आई! बशीर तिथे नव्हता. मला बसवून गेला होता तो. गलबत हलवून मला देवीला मध्ये ठेवायचं होतं. माझ्या मानासाठी! मारा, मला मारा!"

विठ्ठल, विठ्ठल! दगड हातातच राहिले. काशिनाथची मूठ उघडली, खडा खाली पडला, त्याचासुद्धा आवाज आला.

लोकांनी शांतारामला खांद्यावर घेतलं असेल? नाही हो! खरं बोलल्यावर लगेच पेढे मिळतात, असं मी तुम्हाला सांगणार नाही. काशिनाथ म्हणाला, "आजपासून देवीच्या पायरीला तुझा हात लागायचा नाही." पूजा चुलतभावाकडे गेली. शांतारामने मान खाली घालून ऐकलं. मग काशिनाथनेच धुळीतली टोपी उचलली, झटकली, आणि दोन्ही हातांनी बशीरला दिली.

रिबेकाबाईंनी पदराने बशीरचं कपाळ दाबून धरलं होतं. शांताराम हात जोडून पुढे आला. बशीर त्याच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मी वाट बघत होतो रे, शांत्या. किती वेळ लावलास!"

एवढंच! शिवी नाही, शाप नाही. पण शांताराम पुढे आयुष्यभर सांगायचा, पूजा गेली त्याचं दुःख विरलं, हे एक वाक्य काही विरलं नाही.

दुसऱ्या दिवशी भरतीला भंगलेला मुखवटा खाडीत सोडला. होडी बशीरची. डोक्याला पट्टी बांधून तोच वल्ह्यावर बसला. काठावर चारी वाड्यांची माणसं, उन्हात, अनवाणी. शांताराम मागे, एकटा उभा होता. बशीरने होडी थांबवली आणि हाक मारली, "ये. धर एक बाजू." दोघांनी मिळून आईला पाण्यात सोडलं.

आता सांगा, काका, लागतं का पाप? अहो, शांतारामने बशीरवर आळ घेतलाच नव्हता! त्याने फक्त जागा रिकामी ठेवली. रिकाम्या जागेत गाव आपोआप कुणालातरी ढकलतं. आणि ढकलतं कुणाला? ज्याचा देव वेगळा, भाषा वेगळी, घर गावाच्या त्या टोकाला, त्यालाच!

सावरबंदर लांब आहे, मंडळी. तुमचं घर जवळ आहे. सुनेवर ठपका येतो तेव्हा सासूबाई, तुम्हाला ठाऊक असतं ना खरं काय ते? कारखान्यात हाताखालच्या माणसाची नोकरी जाते, तेव्हा साहेब, तुम्ही कुठे बघत असता? आत्ता या घडीला, तुमच्या न बोलण्यापायी कुणीतरी कपाळ पुढे करून उभा असेल. तो तुमचं नाव घेत नाहीये. तुमच्याकडे बघतोय.

आरती होईल, प्रसाद मिळेल. पण ज्याला आत्ता कुणाचा चेहरा आठवला, त्याने आरतीला थांबू नये. चपला घालाव्यात आणि निघावं. देव रागावणार नाही.