गाण्यात लागलेलं लग्न

मला सांगा, यात माझं काय चुकलं? कॉलेजात पाहून डायरीत नाव टिपलेला जुना हॉलिवूडचा विनोदी सिनेमा, मूळच्या संगीत नाटकावरून काढलेला, इतक्या वर्षांनी सापडला. म्हणून शुक्रवारी शेजारच्या इस्माईलभाईंना मुद्दाम बोलावलं. पाहुणे म्हणून रिमोटही त्यांच्याच हातात दिला. गाणं सुरू झालं, की हे "यल्ला, चला पुढे!" म्हणत पळवायचे.

"अहो, गोष्ट गाण्यातच आहे!"

"गाण्यात कसली गोष्ट, भाऊ? मी घरीपण पळवतो."

दीड तासाचा सिनेमा अर्ध्या तासात खलास. वर मलाच म्हणाले, "कसला पिक्चर हा? आत्ता दोघं भांडत होती, लगेच नवरा-बायको? लग्न कधी झालं?"

"गाण्यात!" मी ओरडलो.

"मग हे आधी सांगायचं नाही?"