चौकटीबाहेरची मात्रा

सून : ...नाही बाबा, अक्षरं छाटणार नाही म्हणजे नाही! फोनच्या कंपनीला कळवलंय तसं.

सासरे : मग? काय म्हणाले?

सून : पाचपर्यंत मुदत. अक्षरं चौकटीत बसवून द्या, नाहीतर नव्या फोनमध्ये तुमची लिपीच नाही.

सासरे : चौकट जरा उंच करा म्हणावं.

सून : सांगून तोंड दुखलं. चौकट त्यांच्या अक्षरांच्या मापाची. आपली मात्रा वर निघाली, उकार खाली लोंबला, की म्हणतात, 'तुमची लिपी फार जागा खाते.' जसं काही आपणच आगाऊ!

सासरे : सव्वाचार झालेत.

सून : दिसतंय मला.

सासरे : मग छाट.

सून : तुम्ही सांगताय हे? चाळीस वर्षं छापखान्याचे खिळे कोरलेत तुम्ही! तुमचीच अक्षरं भिंतीवर लावून हे काम शिकले मी. त्यातलं एक वळण हलवायला हात धजत नाही माझा.

सासरे : तुझी लेक तुला निरोप कसा धाडते गं?

सून : त्यांच्या अक्षरांत. सगळी पोरं तशीच लिहितात. म्हणून तर जीव तुटतोय ना!

सासरे : आज फोनमध्ये आली नाही लिपी, तर तिच्या पोरांना वाचताही यायची नाही.

सून : आणि छाटलेलं वाचून काय कळणार त्यांना? आपलं अक्षर असं असतं?

सासरे : तुला कळलं तेच.

सून : म्हणजे?

सासरे : ती भिंतीवरची अक्षरं... यंत्र बाहेरून आलं होतं. त्याची खाच त्यांच्या अक्षराएवढी. आपला खिळा शिरेना. मालक म्हणाले, जमव, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. तुझा नवरा तेव्हा पाळण्यात होता. मी मात्रा दाबल्या, अक्षरांची पोटं आवळली.

सून : कुणी काही बोललं नाही?

सासरे : माझी आई. तिला ते छापलेलं वाचवेना. पेपर घडी घालून परत दिला मला. पुढच्यांना तेच सुंदर वाटायला लागलं.

सून : मग मूळचं अक्षर काढून द्या. आत्ता. हा कागद घ्या. तेच पाठवते त्यांना, होईल ते होईल!

(सासरे काढतात, खोडतात, पुन्हा काढतात, पुन्हा खोडतात, तिसऱ्यांदा काढतात.)

सून : बाबा, दाखवा ना.

सासरे : नको बघूस. तिन्ही वेळा छाटलेलंच आलं.