जालिंदरच्या जीपची परतीची तार

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा, एक विचारतो. ताकद वाढवायची हौस सगळ्यांनाच – पण घेतलेलं माघारी जायला वाट ठेवली का, हे कोण बघतं? आत्ताच माना डोलवू नका, गोष्ट व्हायची आहे!

टेंभूरवाडीत जालिंदर नावाचा जीपवाला. घरात तो आणि आई हौसाबाई, दोघंच. गड्यानं जीपमध्ये साउंड सिस्टीम बसवली – मागच्या सीटच्या जागी पिंपाएवढा बास! प्रवासी कुठं बसणार? ते त्याला विचारा. बटण दाबलं की पत्रा थरथरायचा, शेजारच्या म्हशी दूध चोरायच्या. पण एक खोट – दर ठोक्याला पुढचे दिवे मिणमिणायचे.

झालं! जिवाला चैन नाही. घास टाकून उठायचा, बॉनेट उघडायचा. अंघोळीतनं ओल्या अंगानं यायचा, बॉनेट उघडायचा. मोठी बॅटरी टाकली – मिणमिण. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर मोठा चढवला – मिणमिण. बॅटरीपासून अॅम्प्लिफायरपर्यंत अंगठ्याएवढी लाल तार ओढली. तरी तेच.

गफूर मिस्त्री म्हणाले, "जालिंदर, करंट जातो तेवढाच माघारी येतो. बॉडीतनं बॅटरीकडं येणारी अर्थिंगची तार जुनीच आहे, बारीक. आधी ती बदल."

"ती खाली, इंजिनापाशी. कोण बघतंय चाचा? बघू पुढच्या आठवड्यात."

लाल तार चारचौघांत मिरवता येते हो. परतीची कुणाला दाखवणार?

त्याच दिवसांत तालुक्याला हौसाबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन वर्षं तिला लेकाचं तोंड धुरकट दिसत होतं. ती म्हणाली, "उद्या नऊला पट्टी सोडणार हायत. तू म्होरं उभा ऱ्हा. पैलं तुलाच बघीन."

"आठलाच येतो आई."

सकाळी निघाला. रस्ता मोकळा, आवाज फुल! तीन रस्ते मिळतात त्या तिकटीपाशी जळका वास आला आणि जीप बंद. अर्थिंगची तार जळून कोळसा झालेली. त्यानं मिस्त्रींना फोन केला. तोवर तालुक्याला प्रवासी नेणाऱ्या दोन वडाप जीपा गेल्या. हात करावा? पाय उचलेना – जीप सोडवेना! नऊ वाजले, दहा वाजले. नुसता जीपभोवती फेऱ्या मारतोय.

अकराला मिस्त्री आले. तार बघून म्हणाले, "नेताना गाडीरस्ता केलास, परतायला पायवाट ठेवलीस." मग सहज विचारलं, "आईला आणलंस का?"

जालिंदरच्या हातातला पाना गळाला. मिस्त्रींच्याच मोटारसायकलवर दोघं सुटले.

दवाखान्यात पोचायला साडेबारा झाले. नर्सबाई वैतागलेल्या. "पट्टी नऊलाच सोडली. पण म्हातारी डोळे मिटून बसलीय. डॉक्टर रागावून गेले, तरी उघडीना."

जालिंदर खाटेपाशी गेला.

"जालू, तू हायस का?"

"हाय आई."

तेव्हा तिनं डोळे उघडले. बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "किती रं वाळलास." तो खाटेच्या कडेला डोकं टेकून रडला.

मंडळी, उजेड हाताशी असताना त्या माउलीनं साडेतीन तास अंधार धरून ठेवला! एका तोंडासाठी! आता ही गोष्ट जालिंदरची राहिली नाही. इथं मांडी घालून बसलेल्यांत एक तरी असा आहे, ज्याच्यासाठी कुणी असंच थांबलंय. त्यानं आरतीची वाट बघू नये. देवाला मी सांगतो, तो रागवायचा नाही. ऊठ बाबा. आम्ही बाजूला सरकतो, तू जा.